सोलापूरची बिनकवचाची अंडी

आधी निंगव्वाक्कांचं नाव लिहितो, मग बाकीचं. त्या नसत्या तर मी सोलापुराहून पंधरवड्याच्या आत परत आलो असतो आणि हे लिहायला तोंडच राहिलं नसतं. ज्यांच्याकडे मी कामाला होतो त्या सिद्रामअण्णांच्या त्या थोरल्या बहीण. साठीच्या पुढच्या, कपाळाला विभूती, गळ्यात लिंग, अंगावर इरकली लुगडं. जन्मात अंडं खाल्लं नाही, कोंबडीला बोट लावलं नाही. माझ्यासाठी त्यांनी ते लावलं. त्याचं पुढे काय झालं ते सांगायचं आहे.

माझी शाळा सहावीत सुटली, त्यामुळे लिहिण्यात इकडचं तिकडे होईल. वाडीच्या वाचनालयवाल्यांनी अंकासाठी लिहून दे म्हटलं म्हणून बसलो. आपल्या खाडीकाठचं कुणी त्या बाजूला सहसा जात नाही. आपली माणसं जातात ती मुंबईला. मीही गेलो होतो, आणि महिन्याभरात परत आलो. तेव्हापासून वाडीत मला 'परतलेलो' असं नाव पडलं. पाणवठ्यावर, देवळात, सगळीकडे तेच. म्हणून सोलापूरला निघताना आयेने देवापुढे नारळ ठेवला तो मला पैसा मिळावा म्हणून नाही. "ह्या वेळी टिकू दे त्येका," एवढंच तिने मागितलं. मला ते ऐकू आलं, आणि घाट चढून कोल्हापूर येईपर्यंत माझ्या कानात तेच होतं.

स्टँडवर

मामा एस.टी.त कंडक्टर, सोलापूर डेपोला. त्यांच्या ओळखीने हे कोंबड्यांच्या शेडवरचं काम मिळालेलं. चैत्र संपत आला होता. गाडीतून उतरलो तर वाटलं, कुणीतरी भट्टीचं दार उघडून माझ्या तोंडासमोर धरलंय. आपल्याकडे ऊन घामाने कळतं. तिथे घाम दिसतच नाही. येतो तो जागच्या जागी वाळतो आणि मानेवर हात फिरवला की मीठ हाताला लागतं. मी दोनदा बघितलं, मला वाटलं प्रवासाची धूळ असेल.

मामांनी मला उसाचा रस पाजला आणि बजावलं, "हय कोणाच्या घरात मासळीचा नाव काढू नको. लिंगायत लोक आसत. अंडासुद्धा खाणत नाय."

"मगे कोंबडे कित्याक पाळतत?"

"इकूक."

मी रसाचा पेला हातात धरून तसाच राहिलो. जी वस्तू आपण तोंडात घालणार नाही तिचा धंदा करायचा, हे मला नवीन होतं. मामा हसले. "तुका काय करूचा? तू तुझा काम कर. आणि ह्या बघ, मी तुझ्यासाठी शब्द टाकलंय. माका खाली बघूक लावू नको."

झालं. आयेचा नारळ होताच, त्यात मामांचा शब्द आला.

अक्कलकोट रस्त्याला

अण्णांची पेंडीची गिरणी आणि दुकान शहरात, आणि शेड अक्कलकोट रस्त्याला, त्यांच्या रानात. काळी जमीन, तिला हातभर भेगा, आणि वर सगळीकडे पांढरे खडे विखुरलेले. मला ते लांबून शिंपले वाटले. इतक्या आत शिंपले कुठून, म्हणून उचलून बघितलं तर चुनखड होती. रानातच घर, घराशेजारी विहीर, दोन कडुलिंबाची झाडं, आणि मग ती लांबलचक पत्र्याची शेड.

आत पाऊल टाकलं आणि थांबलो. आपल्या कोंबड्या अंगणभर फिरतात, उकरतात, खाडीच्या चिखलातलं काहीबाही टिपतात, संध्याकाळी आपणहून खुराड्यात येतात. इथे तारेचे पिंजरे ओळीने टांगलेले. पायाखाली माती नाही, तारच. अण्णांनी पुण्याकडचे बघून तसे करून घेतले होते. पांढऱ्याशुभ्र कोंबड्या, तुरे एका बाजूला कललेले, चोची उघड्या, पंख अंगापासून सुटे धरलेले. कुणी ओरडत नव्हतं, कलकलत नव्हतं. सगळ्या मिळून नुसत्या धापा टाकत होत्या. तो आवाज मी पूर्वी कधी ऐकला नव्हता. म्हणजे असं बघा, खूप माणसं एकदम पळून आलीत आणि काय झालं ते कुणीच सांगत नाही, तसं.

अंडी गोळा करायची म्हणून पुढच्या तारेत हात घातला, आणि हाताला मऊ लागलं. कोमट, ओलसर, बोट दाबलं की आत जाणारं. मी हात ओढून घेतला. आपल्याकडे कुंपणाच्या दगडात सापाची अंडी अशीच लागतात.

मागून हसू आलं. सायकलवरून शहरात अंडी पोचवणारा इमाम होता तो. खानावळीत आणि विणकरांच्या पेठेत त्याची गिऱ्हाइकं. "डरो नक्को भाई," तो म्हणाला. "साप नहीं है. ये अपना अंडाच है. बस, कपडे पहनना भूल गया."

त्याने ते तळहातावर घेतलं. नुसती पातळ कातडी, आतला बलक दिसतोय. हात हलवला तसं ते पाण्याच्या फुग्यासारखं हललं. पलीकडच्या तारेवर आणखी तसली होती. काहींना कवच होतं, पण बोटाच्या चिमटीत चुरा व्हायचं. "रास्ते में आधे फूटते," इमाम म्हणाला. "मैं उधर जाता तो औरतां बोलतीं, इमाम, अंडे लाया की आमलेट?"

भाकरी आणि निवळी

घरात शिरायची मला भीती वाटत होती. अंगाला मासळीचा वास येतो की काय, असं उगाच वाटायचं. निंगव्वाक्कांनी ओसरीवर ताट मांडलं. ज्वारीची भाकरी, कागदासारखी पातळ आणि कडक, वाजणारी. वर शेंगाची चटणी, तेलात कालवलेली, आणि ताकाचा तांब्या.

"ऊट कर तम्मा," त्या म्हणाल्या. ऊट म्हणजे जेवण आणि तम्मा म्हणजे धाकटा भाऊ, हे मला इमामने मागाहून सांगितलं. मी भाकरी भातासारखी कालवायला गेलो आणि ताटात तुकडे झाले. त्या बघत होत्या.

"भात लागतो व्हय रे तुला?"

मी नाही म्हणालो. पण डोळ्यात पाणी आलं. दुसऱ्या दिवशी ताटात मूठभर भात होता. तो त्यांनी फक्त माझ्यासाठी वेगळ्या भांड्यात शिजवला होता. सोमवारी गव्हाची हुग्गी, म्हणजे खीर. मी तिसऱ्यांदा घेतली तेव्हा म्हणाल्या, "कोकणात उपाशी ठेवतात का रं पोरांना?"

रोज सकाळी त्या पितळेची घागर घेऊन शेडच्या दारापर्यंत यायच्या. उंबऱ्याच्या आत यायच्या नाहीत. घागरीत चुन्याची निवळी असायची, रात्री भिजवून सकाळी वरचं नितळ पाणी काढलेलं. ती मी कोंबड्यांच्या पाण्याच्या पिंपात ओतायची.

"लेकरांची हाडं धरत न्हाईत तर आमी निवळी देतो की. ह्यांची अंडी मऊ पडाय लागली, म्हटलं ह्यांनाबी देऊ."

अंडं खाणार नाही, शिवणार नाही, पण कोंबडीच्या हाडांची काळजी. घरी जाऊन सांगितलं असतं तर आयेला हे खरं वाटलं नसतं.

अण्णांचा स्वभाव वेगळा. बोलायला मोठे, वागायला सरळ. संक्रांतीपासून त्यांनी पुण्याचं तयार खाद्य बंद केलं होतं, कारण त्या पोत्यात हाडाचा चुरा, मासळीची कुटी आणि शिंपले असतात हे त्यांना कुणीतरी सांगितलं. तेव्हापासून त्यांच्याच गिरणीत मका, भुसा आणि शेंगपेंड यांचा भरडा व्हायचा. "आपल्या भरड्यात एक जीव सापडायचा न्हाय," ते पोत्यावर थाप मारून सांगायचे. "सोलापुरातल्या एकल्या शाकाहारी कोंबड्या हायत ह्या."

मी मान डोलावली. आपल्या कोंबड्या खाडीकाठी शिंपल्यांचे तुकडे गिळतात हे माझ्या मनात आलं होतं. पण नवा माणूस, सहावी शिकलेला, मी काय बोलणार.

मोडलेला पाय

वैशाख लागला. दुपारी पत्र्याखाली उभं राहवत नव्हतं. कोंबड्या खाद्याकडे बघत नव्हत्या. काही पिंजऱ्यात बसल्या त्या उठेचनात. अण्णा म्हणाले, तसल्या बाहेर काढून लिंबाखाली ठेव.

मी एकीला छातीखालून हात घालून उचललं. तिने एकदा पाय झाडला आणि टिक असा आवाज आला. वाळकी काटकी मोडल्यासारखा. पाय लोंबायला लागला. कोंबडी ओरडलीसुद्धा नाही. मला वाटलं तारेत अडकला असेल. दुसरीला आणखी जपून घेतलं, तर पंख गेला. काही केलं नव्हतं मी, पण हातांना तसं पटेना.

तिसरीच्या वेळी अण्णा दारात उभे होते. तो आवाज त्यांनी ऐकला. लिंबाखाली ठेवलेल्या दोघींकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"पाय मोडतोस व्हय रं?"

"नाही अण्णा. मी जोर लावला नाही."

"मग काय आपसूक मोडतात? तुमी लोक कोंबडी पायाला धरून उलटी लटकावत नेता. बघितलंय मी बाजारात. जी खायची तिला कशाला जपायचं, असंच शिकलेला न्हवं तू?"

ते रागाने बोलत होते असंही नाही. त्यांना मनापासून वाईट वाटलं होतं, आणि तेच जास्त लागलं. "उद्याच्या गाडीनं जा तू," ते म्हणाले. "मामाला मी सांगतो. गरीब जिवाला असं करणारा माणूस मला नको."

पुन्हा परत. आणि ह्या वेळी नुसता परत नाही, तर मुक्या जिवाचे पाय मोडणारा म्हणून. मामांना ते डेपोत कळणार, तिथून पत्राने वाडीत.

दारात निंगव्वाक्का आल्या होत्या. केव्हा आल्या कळलं नाही. "तम्मा," त्या म्हणाल्या, "कसं धरलंस ते दाव मला."

मी रिकाम्या हातांनी दाखवलं. खालून एक हात, वरून एक.

त्यांनी पदर खोचला आणि उंबरा ओलांडून आत आल्या. अण्णा कानडीत म्हणाले, "ब्याड अक्का." म्हणजे नको. त्यांनी ऐकलं नाही. समोरच्या पिंजऱ्याचं दार उघडलं आणि दोन्ही हात आत घातले. बाळंतिणीच्या कुशीतून मूल उचलतात तसं त्यांनी त्या कोंबडीला उचललं. पदराचं टोक त्यांच्या बोटांखाली होतं, तेवढंच मध्ये. कोंबडी एकदा फडफडली.

टिक.

शेडमध्ये नुसत्या धापा ऐकू येत होत्या. अक्कांच्या हातावर ती पांढरी कोंबडी आणि तिचा वाकडा झालेला पाय. त्यांचा चेहरा मी बघितला, तो अजून विसरता येत नाही. "यव्वा," त्या अगदी हळू म्हणाल्या, म्हणजे आई गं. मग अण्णांकडे वळल्या.

"सिद्रामा, माझ्या ह्या हातात बळ कुटलं? भाकरी थापाया सुनेला हाक मारते मी. ह्या पोराला बोलू नको. ह्या कोंबड्यांत हाडच ऱ्हायलं न्हाय."

अक्का विहिरीवर गेल्या, डोक्यावरून पाणी घेतलं आणि त्या दिवशी जेवल्या नाहीत. माझ्यासाठी त्यांनी ते पाप हातावर घेतलं. त्या तसं म्हणाल्या नाहीत, पण त्यांच्या लेखी ते पापच होतं. त्या कोंबडीला मात्र टोपलीत घालून त्यांनी ओसरीवर ठेवलं. पायाला बांबूची कामटी आणि मागावरचं सूत बांधलं.

मोहोळ

मोहोळला एक गुरांचे डॉक्टर आहेत, त्यांना कोंबड्यांतलं कळतं, असं इमाम म्हणाला. दुसऱ्या सकाळी अण्णा आणि मी एस.टी.ने निघालो. रात्रीत मेलेली एक आणि उठू न शकणारी एक, अशा दोन कोंबड्या टोपलीत, वर गोणपाट. अण्णा पांढऱ्या धोतरात, टोपलीपासून अंग चोरून बसलेले.

शेजारी फेटेवाले एक गृहस्थ होते. "काय हाय टोपलीत?"

"वांगी," अण्णा म्हणाले.

थोडा वेळ गेला आणि गोणपाटाखालून कुक् असा आवाज आला. फेटेवाले टोपलीकडे बघत राहिले. "पाव्हणं, वांगी बोलाय लागली की तुमची." सगळी गाडी हसली. अण्णा खिडकीबाहेर बघत होते, कान लाल झालेले. मला हसू येत होतं आणि हसायची हिंमत होत नव्हती. माझा निकाल अजून लागायचा होता. अक्कांनी माझी बाजू घेतली, पण अण्णांनी जा म्हटलेलं मागे घेतलं नव्हतं.

डॉक्टरांच्या दवाखान्यापुढे एक म्हैस बांधलेली होती. तिचं आटपून ते आले, बाह्या वर केल्या आणि मेलेली कोंबडी दगडावर ठेवून उघडली. अण्णांनी तोंड फिरवलं. मी मात्र बघत होतो. मासा साफ करताना लहानपणापासून बघितलंय, त्यात काही नवल नव्हतं. पण डॉक्टरांनी छातीचं मधलं हाड धरलं आणि वाकवलं. ते वाकलं. मोडलं नाही, ओल्या चपलेच्या पट्ट्यासारखं वाकलं आणि सोडल्यावर पुन्हा सरळ झालं.

"अण्णा, इकडे बघा," डॉक्टर म्हणाले. "हे बघायलाच आलाय तुम्ही."

अण्णांनी बघितलं.

"काय खायला घालता?"

अण्णांनी सांगितलं. शाकाहारी हा शब्द ह्या वेळी त्यांनी वापरला नाही.

डॉक्टरांनी समजावलं ते मला जसं कळलं तसं लिहितो. अंड्याचं कवच म्हणजे जवळजवळ सगळा चुनाच. कोंबडी ते मुख्यतः रात्रीत घडवते. पोटात चुना असला तर त्यातून घेते. नसला तरी अंडं थांबत नाही. मग ती स्वतःच्या हाडातला चुना विरघळवते आणि तो अंड्याला देते. चुना गेला की छातीचं हाड असं वाकतं, आणि पायाचं पोकळ हाड टिचकन मोडतं.

"रोज?" मी विचारलं. मला न बोलता राहवलं नाही.

"जवळपास रोज अंडं देते ना? मग जवळपास रोज."

मी त्या वाकलेल्या हाडाकडे बघत होतो. इतके दिवस मी सकाळी टोपलीत गोळा करत होतो ती अंडी नव्हती तर. ती त्यांचीच हाडं होती, थोडी थोडी. आणि शेवटी द्यायला हाड उरलं नाही तेव्हा ती कातडीची अंडी आली. आपण लहानपणापासून अंडी खातो, आणि हे कुणाला माहीत नव्हतं.

"आणि ऊन," डॉक्टर म्हणाले. "कोंबडीला घाम नाही. धापा टाकूनच ती गार होते. कवचाला नुसता चुना पुरत नाही. श्वासाबरोबर आपण जी हवा बाहेर टाकतो, तीच रक्तातून घेऊन ती चुन्याशी बांधते. धापा टाकल्या की ती हवा उडून जाते. शिवाय उन्हात ती खाणं सोडते. तुमच्याकडे खाण्यातही नाही आणि श्वासातही नाही. मग राहिलं काय? हाड."

मी निवळीचं सांगितलं. डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. "पाण्याला चुन्याची जळजळ आली की ती पाणी कमी पिते. ह्या दिवसांत कोंबडी जगते ती पाण्यावर. ते बंद करा, आजच."

अण्णा खाली मान घालून ऐकत होते. मग म्हणाले, "आमच्या रानात चुनखड हाय, पांढरी. शिंपल्याऐवजी ती चालंल का?"

"चालेल की. भरड फोडा आणि संध्याकाळी वेगळ्या भांड्यात ठेवा, म्हणजे रात्री कामाला येईल. कवचाचं भागेल. पण हाडाला चुन्याबरोबर फॉस्फरस लागतो. भुशातला तिला नीट पचत नाही. हाडाच्या चुऱ्यात तो असतो."

"हाड माझ्या दारात यायचं न्हाय, डॉक्टर."

डॉक्टर हात धूत होते. वर न बघता म्हणाले, "आजही तुमच्या कोंबड्या हाडच खातायत, अण्णा. स्वतःचं."

परतीच्या गाडीत अण्णांनी टोपली ह्या वेळी पायाशी घेतली होती. मध्येच त्यांनी मला विचारलं, "तुमच्यात हाडाला शिवलेलं चालतं?"

"चालतं अण्णा. आमच्या ताटातच असतं."

ते जरा हसल्यासारखे झाले. "मग विहिरीपल्याड ती पडकी खोली हाय. पोतं दुकानात यायचं न्हाय, गिरणीत यायचं न्हाय. तितं उतरंल, तितंच कालवायचं, पाटी वेगळी, फावडं वेगळं. कालवलं की आंघोळ करून मग ओसरीवर. जमंल?"

"म्हणजे मी जायचं नाही?"

"तू गेल्यावर कोण कालवणार? मी?" मग ते म्हणाले, "काल बोललो ते बोलायला नको होतं."

मांस-मासळी खातो म्हणून मला काढायला निघालेले, आणि मांस-मासळी खातो म्हणूनच मी राहिलो. मी खिडकीकडे तोंड केलं. डोळ्यात धूळ गेली असं सांगायची तयारी ठेवली होती, पण त्यांनी विचारलं नाही.

छपरावर

निवळीचं अक्कांना कसं सांगायचं हा मला घोर पडला. अण्णा म्हणाले, तूच सांग, माझ्याच्यानं होणार न्हाय. मी ओसरीवर बसून सांगितलं, डॉक्टरांनी सांगितलं तसं, शक्य तेवढं मऊ करून. त्या टोपलीतल्या कोंबडीला ज्वारीचे दाणे घालत होत्या. हात तसाच राहिला.

"म्हंजे उन्हात मीच ह्यांचं पाणी तोडलं म्हण की."

त्याच पुढे म्हणाल्या, "मला चांगलं वाटत हुतं रं. घागर उचलताना लई चांगलं वाटायचं." मग उठल्या, आत गेल्या आणि भिजवलेल्या चुन्याचा मोठा रांजण दाखवून म्हणाल्या, "आता ह्याचं काय करू? वतून देऊ?"

डॉक्टरांनी पत्र्याला पांढरा रंग द्या असंही सांगितलं होतं. पांढऱ्यावर ऊन ठरत नाही म्हणे. मी ते सांगितलं मात्र, पहाटे इमाम आणि मी छपरावर होतो, हातात केरसुण्या, आणि खालून अक्का बादल्या भरून देत होत्या. "तिकडं ऱ्हायलं. अरे त्या कोपऱ्यात. डोळे हायत का बटणं?" इमाम म्हणाला, "अक्का, आप ऊपर आव, मैं नीचे उतरता." त्यांनी त्याच्या अंगावर हातावरचा चुना उडवला.

पत्र्याखालून कडबा बांधला, बाजूला गोणपाटं ओली करून टांगली. पाणी मातीच्या डेऱ्यातलं, नितळ. खाद्य उजाडायच्या आत आणि दिवस कलल्यावर. रानातली चुनखड मी फोडायचो, आणि विहिरीपलीकडच्या खोलीत हाडाचा चुरा भरड्यात मोजून कालवायचो. पहिल्या दिवशी ते पोतं उघडलं तेव्हा अण्णा विहिरीच्या अलीकडे पाठ करून उभे होते, पण उभे होते.

लगेच काही झालं नाही. पुष्कळ कोंबड्या गेल्या, तशा त्या जाणारच होत्या. मग हळूहळू तारेवर खरबरीत, ठिपके पडलेली अंडी दिसायला लागली. मग एका सकाळी मी एक अंडं नखाने वाजवलं. टक्क. पुन्हा वाजवलं. शेवटी इमामच्या कानाशी नेऊन वाजवलं. तो म्हणाला, "अब क्या पत्थर दे रहीं क्या?" पण त्याने ते खिशात घालून घरी नेलं, बायकोला दाखवायला.

अक्कांच्या ओसरीवरची कोंबडी लंगडत का होईना चालायला लागली. पुन्हा पिंजऱ्यात घालू दिली नाही त्यांनी. ती अंगणात फिरायची, आणि कुणी पाव्हणा आला की अण्णा तिच्याकडे न बघता दुसरीकडचं काही दाखवायचे.

मी गणपतीला म्हणून सुट्टीवर आलोय. परतलेलो नाही. दसऱ्याच्या आधी पुन्हा जायचं आहे, हे वाडीत सगळ्यांना मुद्दाम सांगतो.

निघताना अक्कांनी विचारलं, "समुद्र किती मोठा असतो रं?" मी सांगायला लागलो आणि मला सांगता येईना. त्यांनी सोलापूरचं तळं सोडून एवढं पाणी पाहिलेलं नाही. मग म्हणाल्या, "शिंपल्यातला जीव कुटं जातो?" मी खोटं कसं बोलू? म्हटलं, काही माणसं खातात, काही आपणच मरतात आणि रिकामे किनाऱ्याला लागतात. त्या म्हणाल्या, "रिकामे लागलेले तेवढे आण. कोंबड्यास्नी घालू." म्हणून रोज सकाळी मला पुळणीवर वाकलेला बघून जे विचारतात, त्यांना हे उत्तर.

पण गोणीभर शिंपल्यांनी त्यांचं माझ्यावरचं ऋण फिटणार नाही. मी ठरवलंय, अक्कांना एकदा इथे आणायचं. मामांच्या गाडीने, खिडकीची जागा धरून. समुद्र दाखवायचा, पाय बुडवू द्यायचे. नवीन मडकी आणून वेगळी चूल मांडायची, आणि त्या असतील तितके दिवस आमच्या घरात मासळी शिजणार नाही. आयेला विचारलं, ती लगेच हो म्हणाली. बाबा अजून विचार करतायत. त्यांनी मला एवढंच विचारलं, बाई किती दिवस राहतील? मी म्हटलं, त्यांना राहावंसं वाटेल तितके.